शेपूट घातलेलं कुत्रं

(गल्लीतले सोबती : साप्ताहिक सदर)

गेल्या रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुंडी एका पांढऱ्या गाडीखाली बसली होती. गुंडी म्हणजे आमच्या गल्लीची कुत्री. तांबूस रंग, एका कानाला नसबंदीची खाच, वय कुणालाच ठाऊक नाही. बी विंगमधला सात वर्षांचा एक मुलगा पालथा पडून तिच्याकडे हात लांबवत होता आणि त्याची आजी भाजीची पिशवी सांभाळत शेजारी उभी होती. गुंडीची पाठ भिंतीला लागलेली. कान मागे ओढून डोक्याला घट्ट चिकटवलेले, शेपूट पोटाखाली, आणि जीभ सारखी नाकावरून फिरत होती. मी ‘हात मागे घे रे’ म्हणेपर्यंत आजींनी नातवाला धीर दिला, “काही नाही करत ती. बघ की, शेपूट घातलंय बिचारीनं.”

पुढच्या क्षणी दात वाजले. हाताला लागले नाहीत, शर्टाच्या बाहीत अडकले. बाही फाटली, मुलगा रडला. ओरखडाही नव्हता. असता, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस, यात चर्चेला जागा नाही. चर्चा झाली ती व्हॉट्सॲप ग्रुपवर. ‘कुत्री पिसाळली आहे, महापालिकेला फोन करा’ इथपासून ‘आधी आपली मुलं आवरा’ इथपर्यंत रात्रीपर्यंत मेसेज पडत होते. मी सगळे वाचले. गुंडीचे कान त्या वेळी कसे होते, हे एकातही नव्हतं.

आजींना दोष देववत नाही. दोष असलाच तर आपल्या मायमराठीचा. कुत्र्याच्या अंगावरून आपल्या भाषेनं किती गोष्टी उचलल्या आहेत पाहा. कान टवकारणं, कान पाडणं, गोंडा घोळणं, दात विचकणं, शेपूट घालणं. पूर्वजांची नजर पक्की होती, पण अर्थ लावताना त्यांनी माणसाचा लावला. माणसानं शेपूट घातलं की विषय संपतो, कारण तो गपगुमान घरी निघून जातो. गाडीचं चाक आणि भिंत यांच्यामध्ये सापडलेल्या कुत्रीनं जायचं कुठं? तिनं शेपूट घातलंय याचा अर्थ एवढाच, की ती प्रचंड घाबरली आहे. घाबरलेल्या जनावराची वाट अडवली की त्याच्याजवळ दातांखेरीज काही उरत नाही. ‘भुंकणारे कुत्रे चावत नाहीत’ या म्हणीबद्दल मी फार बोलत नाही. तिच्याविरुद्धचा पुरावा माझ्या डाव्या पोटरीवर आहे.

केंडल शेफर्ड नावाच्या ब्रिटिश पशुवैद्यबाईंनी कुत्र्याच्या या अस्वस्थतेची एक शिडी मांडली आहे. सगळ्यात खालच्या पायरीवर जांभई, डोळ्यांची उघडझाप, नाक चाटणं. मग मान वळवणं, अंग वळवणं, जमलं तर तिथून उठून जाणं. मग कान मागे घेऊन दबकणं, शेपूट पायांत घालणं, आडवं पडून पाय वर करणं. त्यापुढे अंग ताठ करून रोखून बघणं, गुरगुरणं, हवेत दात मारणं. चावा अगदी वरच्या टोकाला. दर वेळी एकेक पायरी मोजूनच कुत्रं वर चढतं असं नाही. खालच्या पायऱ्यांवर कुणीच ऐकत नाही हे कळलेलं कुत्रं त्या गाळायला शिकतं. गुंडीनं मात्र बऱ्याचशा पायऱ्या इमानदारीनं चढल्या होत्या आणि शेवटून दुसरीवर ती थांबली. बाही फाटली, बोट वाचलं. तिला बोट धरायचं असतं तर तेवढा वेळ तिच्याकडे होता.

कानांकडे आधी बघा असं मी म्हणतो, कारण ते लांबून दिसतात आणि आपल्या गावठी कुत्र्यांचे तर फारच स्वच्छ दिसतात. उभे किंवा टोकाशी किंचित मोडलेले, पातळ, चहूकडे वळणारे. डझनाहून जास्त स्नायू नुसते कान हलवायला राबत असतात. कुत्रं निवांत असलं की कान सैल, थोडे बाजूला पडलेले. पुढे टवकारले की लक्ष कशात तरी गेलं, एवढंच खरं. ती खारही असेल, घंटागाडीही असेल. पण कान पुढे, तोंड घट्ट मिटलेलं, अंगाचा भार पुढच्या पायांवर आणि शेपूट वर ताठ होऊन टोकाशी थरथरणारं, असं सगळं एकदम दिसलं तर आपण आपली वाट बदलावी.

खरी गल्लत होते ती मागे गेलेल्या कानांची. ओळखीचं माणूस घरी आलं की कुत्रं कान मागे घेतं. डोळे बारीक, अंग साप वळवळल्यासारखं सैल, कमरेपासून सगळा मागचा भाग हलतोय. हा गोंडा. भीतीनंही कान मागेच जातात, पण डोक्यात रुतवल्यासारखे. अंग आखडतं, ओठांचे कोपरे मागे ओढले जातात. मान दुसरीकडे वळवून कुत्रं आपल्याकडे तिरकं बघतं तेव्हा डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते, द्वितीयेच्या चंद्रासारखी. ती कोर दिसली आणि धापा टाकणं एकाएकी थांबलं, तर हात जिथे असेल तिथून सावकाश मागे घ्यावा. तो सन्नाटा वाईट. एक कान इकडे, एक तिकडे असेल तर कुत्र्याचं अजून ठरलेलं नाही. त्याला ठरवू द्यावं.

यात नवीन काही नाही. डार्विननं १८७२ साली माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर पुस्तक लिहिलं, त्यात एकाच कुत्र्याची दोन चित्रं आहेत. एकात तो परक्या कुत्र्याच्या रोखानं निघालाय : शेपूट वर, पाठीवरचे केस उभे, कान पुढे. दुसऱ्यात तोच लाडात आलाय : अंग खाली, शेपूट खाली आणि हलतंय, कान मागे पडलेले. डार्विनचं म्हणणं असं, की दुसऱ्या चित्रातल्या हालचालींचा कुत्र्याला थेट उपयोग काही नाही. त्या फक्त पहिल्याच्या नेमक्या उलट आहेत. अंधारात परका समजून ताठ झालेल्या कुत्र्याला हा आपलाच मालक आहे असं कळतं, तेव्हा तो एका चित्रातून दुसऱ्यात कसा उडी मारतो, हेही त्यानं लिहून ठेवलं आहे.

मला त्या पुस्तकातला सगळ्यात आवडलेला प्रसंग मात्र डार्विनच्या घरच्या कुत्र्याचा. धनी फिरायला निघाला म्हणून गडी शेपूट वर करून ऐटीत पुढे. वाटेत काचघराकडे जाणारा फाटा होता. डार्विन आपल्या प्रयोगाची रोपं बघायला तिकडे वळला, की याचं डोकं खाली, कान खाली, शेपूट खाली, सगळा अवतारच गळून जायचा. घरच्यांनी त्या चेहऱ्याला ‘काचघराचा चेहरा’ असं नावच ठेवलं होतं. आमच्या सोसायटीत हाच चेहरा रोज रात्री साडेनऊला लिफ्टच्या दाराशी दिसतो. ए विंगमधल्या लॅब्रॅडॉरचा मालक त्याला खाली आणतो आणि पार्सल घ्यायला वॉचमनच्या केबिनकडे वळतो.

लॅब्रॅडॉरचे कान लोंबते, त्यामुळे त्याचं वाचन जरा अवघड. तिथे टोकाकडे न बघता बुडाकडे बघावं. कानाचं मूळ पुढे सरकलंय की मागे, एवढ्यावरून बरंच कळतं. माणसाच्या सहवासात जनावरांचे कान लोंबायला लागतात हेही डार्विनच्या नजरेतून सुटलं नव्हतं. १९५९पासून सैबेरियातल्या नोवोसिबिर्स्क इथं दिमित्री बेल्यायेव यांनी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. निवड फक्त माणसाळलेपणाची. काही पिढ्यांनी त्यांतल्या काहींचे कान मऊ पडले, शेपट्या वळल्या.

आणि काही लोक हेच कान कापतात. डॉबरमन, बॉक्सर, ग्रेट डेन रुबाबदार दिसावेत म्हणून. गावाकडे पिल्लाचे कान छाटले की कुत्रं तिखट होतं, अशी समजूत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. १९६०च्या कायद्यानं प्राण्याचा अवयव असा छाटणं ही क्रूरता ठरवली आहे, तरी कातर चालतेच. वेदना तर आहेतच, शिवाय त्या कुत्र्याचा चेहरा कायमचा एकाच भावात गोठतो. समोरचं कुत्रं त्याला रागीटच समजतं, समोरचा माणूसही. मग कुत्रं तिखट झालं, असं म्हणायला आपण मोकळे.

शेपटीबद्दल थोडक्यात सांगतो. हलणारी शेपटी म्हणजे मैत्री, हे अर्धसत्य आहे. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी ३० पाळीव कुत्र्यांना आळीपाळीनं मालक, अनोळखी माणूस, मांजर आणि दांडगं परकं कुत्रं दाखवून वरून चित्रण केलं. मालकाला बघून शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे जास्त झुकलं, परक्या कुत्र्याला बघून डावीकडे. पण अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढे उभं राहून डावं-उजवं मोजत बसा, असा सल्ला मी कुणाला देणार नाही. पाठीवरचे केस उभे राहणं हेही नेहमी रागाचं नसतं. ते आपल्या शहाऱ्यासारखं आहे, कुत्र्याच्या हातात नसतं.

पाळीव कुत्र्यांच्या घरी एक खास गैरसमज नांदतो. ‘चप्पल यानंच फाडली, चेहराच सांगतोय!’ कान मागे, नजर चुकवलेली, अंग चोरलेलं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हे तपासलं. मालकानं कुत्र्याला खाऊ खायची मनाई करून बाहेर जायचं. परत आल्यावर त्याला सांगायचं, कुत्र्यानं खाल्लं किंवा नाही खाल्लं. आणि हे सांगणं कधी खरं, कधी खोटं. अपराधी चेहऱ्याचा संबंध खाऊ खाल्ल्याशी लागेना, लागला तो मालकाच्या रागावण्याशी. खाऊला तोंडही न लावता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचे चेहरे तर सगळ्यात अपराधी. आपण ज्याला कबुलीजबाब म्हणतो तो ‘आता मारू नका’ असा अर्ज असतो. त्याच घरात कुत्रं गुरगुरलं की त्याच्या तोंडावर चापट बसते. गुरगुरणं हा कुत्र्याचा सभ्यपणा आहे, चावण्याआधी दिलेली नोटीस. ती देण्याबद्दल शिक्षा झाली की पुढच्या वेळी नोटीस येत नाही.

भक्तिपरंपरेतली सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट घ्या. कुत्रं भाकरी घेऊन पळालं आणि नामदेव महाराज ‘कोरडी कशी खाशील?’ म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. करुणेबद्दल शंकाच नाही. पण घास तोंडात धरलेल्या कुत्र्यामागे धावत सुटू नये, एवढं मी मुलांना गोष्ट सांगताना हळूच जोडतो.

आमच्या ग्रुपवर दोन तट आहेत, श्वानप्रेमी आणि श्वानद्वेष्टे. प्रेमी मंडळी गुंडीच्या गळ्यात पडून सेल्फी काढतात. त्या फोटोत मला तिच्या डोळ्यांतली कोर दिसते, त्यांना हसू दिसतं. द्वेष्ट्यांना ती जमिनीवर लोळून पोट दाखवत असली तरी हल्लेखोरच वाटते. कुत्रीकडे कुणीच बघत नाही. तिच्या कानावरची खाच तेवढी दोघांनीही बघितली आहे, कारण ती भांडणात कामाला येते.

हे आता घरगुती भांडण राहिलेलं नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसराबाबतचा ११ ऑगस्टचा आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री पकडली तिथेच सोडायची, मात्र रेबीज झालेली, रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत. शाळा-इस्पितळं-स्थानकांच्या आवारांसाठी नोव्हेंबरमध्ये आणखी वेगळा आदेश आला. मी अडकतो तो ‘आक्रमक’ या शब्दापाशी. ते ठरवणार कोण आणि कधी? जाळं घेऊन आलेल्या गाडीसमोर, कोपऱ्यात कोंडलेलं, कान चिकटवून दात दाखवणारं प्रत्येक कुत्रं आक्रमकच दिसतं. उलट शाळेच्या वाटेवर कान पुढे, मान ताठ, आवाज न करता चालून येणारं कुत्रं खरं धोक्याचं, आणि तेच गाडी दिसली की शांतपणे पसार होतं. कुत्र्यांवर माझा जीव आहे, तरी असं कुत्रं गल्लीत राहू नये याच मताचा मी आहे. पण निवाडा करणाऱ्या माणसाला आधी चार आठवडे कान वाचायला शिकवा. पकडणाऱ्या कर्मचाऱ्यांना फास टाकायला शिकवतात, तसंच हे.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा आहे. विषयपत्रिकेवर टँकरचं बिल, गच्चीची गळती, लिफ्टचा करार आणि चौथा विषय ‘कुत्री’. मी दहा मिनिटं मागितली आहेत. गुंडीच्या कानांचे सहा फोटो मोबाइलमध्ये तयार आहेत आणि बी विंगच्या आजींनी येते म्हणून सांगितलंय. सेक्रेटरी म्हणाले, गळतीनंतर वेळ उरला तर बघू.

— गल्लीकर