जेटमध्ये तार घालू नका



फवारणी पंपाचे नोझल तुंबले तर त्यात तार किंवा टाचणी घालू नये, हे आपल्याला ठाऊक आहे. छिद्र मोठे होते, धार जाड पडते, औषध वाया जाते. पण पंपाची एवढी काळजी घेणारा माणूस मोटरसायकलच्या कार्बोरेटरचा जेट तुंबला की खुशाल त्यात तार खुपसतो. जेट पितळेचा, म्हणजे मऊ. छिद्र केसभर जरी वाढले तरी पेट्रोल जास्त जाते, धूर काळा येतो, अ‍ॅव्हरेज घटते. मग कोणीतरी सांगतो, "इंजिनचे काम आले." खरे तर आलेले असते ते पाऊण तासाचे काम, तेही घरच्या अंगणात होण्याजोगे. सकाळचे दूध ज्या गाडीवरून केंद्रावर जाते, ती गाडी चार दिवस गॅरेजात पडून राहणे कोणालाच परवडत नाही.

२०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर नाही. परंतु खेड्यापाड्यांत त्याआधीच्या १०० सीसीच्या गाड्या अजून भरपूर धावतात, हे त्यांच्यासाठी.

प्रथम दुखणे ओळखा. चोक ओढल्याशिवाय गाडी चालू राहत नसेल, चोक सोडताच बंद पडत असेल, तर लहान जेट तुंबला असे समजा. हळू चालते पण रेस वाढवली की गचके खाते, तेव्हा मोठा जेट पाहावा. कार्बोरेटरखालून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटच्या सुईखाली कचरा अडकला असण्याचा संभव अधिक.

इंजिन गार असताना, उघड्यावर, चूल आणि विडी दोन्ही दूर ठेवून कामाला बसा. पेट्रोलची चावी बंद करून कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करा व आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. थोडा वेळ बाटली स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थेंब किंवा थर दिसला तर ते पाणी. आपल्याच उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. गाडी महिना-महिना उभी राहिली की हे पाणी तळाशी बसते, आणि मोठ्या जेटचे तोंड नेमके तिथेच असते. पुष्कळदा एवढे पाणी काढून टाकल्यानेच गाडी सुधारते. म्हणून फार दिवस गाडी उभी करायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

तेवढ्याने भागले नाही तर खालची वाटी उघडा. दोन्ही जेट नेमक्या मापाच्या पेचकसाने सोडवा, स्वच्छ पेट्रोलमध्ये भिजवा आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेने फुंकून काढा. जेट उजेडाकडे धरला की छिद्र गोल, मोकळे दिसले पाहिजे. बाजूचा हवेचा स्क्रू काढणार असाल तर आधी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे बसतात ते कागदावर लिहून ठेवा. परत लावताना तेवढेच उलटे फेरे द्या. वाटीचे रबर चिरले असेल तर बदला.

एअर फिल्टर विसरू नका. मळणीच्या दिवसांत भुसा तिथेच जातो. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून बसवावा. कागदाचा कधीच धुऊ नये.

आता क्लच. चढावर इंजिन ओरडते पण गाडी पुढे रेटत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे. प्लेटा बदलण्याआधी दांडी पाहा. दांडीच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या अर्ध्या पेराहून थोडा कमी-जास्त, मोकळा खेळ हवा. खेळच नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. खेळ फार असेल तर गिअर कडकड करतो. केबलच्या टोकाचा नट ढिला करून हे जुळवता येते. दांडीजवळ तारेचे पदर तुटू लागले असतील तर केबल लगेच बदला. ती तुटते ती वाटेतच.

दुसरे कारण तेल. बहुतेक ट्रॅक्टरांचा क्लच कोरडा असतो, मोटरसायकलचा इंजिनच्याच तेलात बुडालेला. ट्रॅक्टरचे उरलेसुरले तेल गाडीत ओतणे ही काटकसर नव्हे. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए टू' असे लिहिलेले मोटरसायकलचे तेल घ्यावे. नवीन, कार्बोरेटर नसलेल्या गाड्यांनाही हे लागू आहे.

राहिली ती चालवण्याची सवय. मागे खताची गोणी आणि बोटे सतत क्लचवर, असे कित्येकजण दिसतात. चिखलात पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून हळू काढा. फारच रुतली तर गोणी उतरवून आधी गाडी बाहेर घ्या.