चांदीचे कण आणि वालधुनीचे पाणी

गोळीच्या वेष्टनावर जेवढे औषध छापलेले असते तेवढे ते गोळीत खरोखर आहे काय, याची तपासणी प्रामुख्याने एचपीएलसी या यंत्रावर होते. ती भरवशाची आहे, परंतु यंत्र महाग, त्याला लागणारे शुद्ध द्रावक महाग आणि ते चालवणारा माणूसही तयारीचा लागतो. विद्युत-रासायनिक मापन हा तिचा स्वस्त पर्याय होय. द्रावणात बुडवलेल्या इलेक्ट्रोडवरील विद्युतदाब क्रमाने बदलत नेला, की औषधाचा रेणू विशिष्ट दाबाला इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो, आणि आलेखावर उमटणाऱ्या प्रवाहाच्या शिखराच्या जागेवरून औषधाची ओळख, तर उंचीवरून त्याचे प्रमाण कळते. याच तत्त्वावरील पोलरोग्राफीसाठी यारोस्लाव्ह हेयरोव्हस्की यांना १९५९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा इलेक्ट्रोड पाऱ्याच्या थेंबाचा होता आणि पारा विषारी असल्याने त्याची जागा पुढे कार्बनने घेतली.

कार्बन स्वस्त खरा, पण मंद. म्हणून त्यावर चांदीचे नॅनोकण, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापात मोजावे लागणारे कण, बसवले जातात. सिल्व्हर नायट्रेटच्या रंगहीन द्रावणात सोडियम बोरोहायड्राइड पडले की ते पिवळे होते, आणि हा पिवळेपणाच कण तयार झाल्याची खूण असते. अ‍ॅल्युमिनाच्या भुकटीने आरशासारख्या घासलेल्या, जेमतेम ३ मिलिमीटर व्यासाच्या कार्बनच्या चकतीवर त्या पिवळ्या द्रावणाचा थेंब वाळवला, की पृष्ठभाग वाढतो व इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण सुकर होते. मुंबई विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील अश्विनीकुमार श्रीवास्तव, बंकिम संघवी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तांब्याचे संयुग व चांदीचे नॅनोकण मिसळलेल्या कार्बनच्या लगद्याचा इलेक्ट्रोड वापरून कंपवातावरील लेव्होडोपा व तत्सम रेणू मोजून दाखवले.

अशा संशोधनात गोळ्या, रक्तद्रव, मूत्र यांची परीक्षा पुष्कळ झाली आहे. गोळीतले औषध मोजण्याची सोय मात्र आधीपासूनच आहे; स्वस्त साधनाची खरी निकड नाल्याकाठी आहे. अंबरनाथकडून उल्हासनगर व विठ्ठलवाडीवरून कल्याणच्या खाडीकडे जाणारी वालधुनी सांडपाण्याबरोबर कारखान्यांचे पाणीही वाहून नेते, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचेही कारखाने आहेत. येथे चांदीची कसोटी लागते. सांडपाण्यातील सल्फाइडने ती पैंजणासारखी काळी पडते. खाडीच्या पाण्यातील क्लोराइडमुळे धन दाबाला तिचेच सिल्व्हर क्लोराइड बनते आणि पॅरासिटामॉलसारख्या, त्याच बाजूला इलेक्ट्रॉन देणाऱ्या औषधाचे शिखर गढुळते. मेट्रोनिडाझोल किंवा क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकांचा नायट्रो गट मात्र ऋण दाबाला इलेक्ट्रॉन घेतो, तेथे चांदी उपयोगी ठरते, फक्त पाण्यात विरघळलेला प्राणवायूही त्याच बाजूला प्रवाह देत असल्याने नायट्रोजनचे बुडबुडे सोडून तो आधी घालवावा लागतो. शुद्ध बफर द्रावणात गाठलेली, औषध ओळखू येण्याची नॅनोमोलरची मर्यादा शोधनिबंधात शोभते. नाल्याच्या पाण्यात ती टिकली नाही, तर तिचे कौतुक अपुरेच म्हणावे लागेल.

दुसरी अडचण रसायनशास्त्राची नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविके किती असावीत याच्या मर्यादा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० च्या मसुद्यात सुचवल्या होत्या. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या वगळल्या गेल्या. मोजमाप कितीही सोपे झाले तरी ज्याच्याशी ते ताडून पाहायचे तो आकडाच नियमात नसेल, तर कारवाईला आधार उरत नाही. तो आकडा मंत्रालयाने परत आणावा, आणि तोवर कल्याण-उल्हासनगरच्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पासाठी औषधाच्या दुकानातील गोळीऐवजी विठ्ठलवाडीच्या पुलाखालचे पाणी घ्यावे.