वाटीत काय आहे?

सबमिशनच्या धामधुमीत हा लेख लिहितोय. संपादकांनी जपानवर लिही म्हणून मागे लकडा लावला होता. बुलेट ट्रेनवर सगळेच लिहितात, म्हणून मी शेवयांवर लिहिणार आहे. हसू नका! जपानच्या नूडल्स म्हणजे शेवटी शेवयाच की.

गेल्या वर्षी दहा दिवसांच्या विद्यार्थी-भेटीसाठी आम्ही दोघे टोकियोला गेलो. मी जालना शहरातला, मुसलमान. दुसरा घनसावंगी तालुक्यातला, वारकरी घरातला. नाव छापू नको म्हणाला, म्हणून त्याला 'माळकरी' म्हणू. मला डुकराचं मांस आणि दारू वर्ज्य. त्याला मांस, मासे आणि दारू, तिन्ही वर्ज्य. म्हणजे दोघांत कडक पथ्य त्याचंच!

पहिले तीन दिवस त्याच्या आईच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्या अम्मीने दिलेले खजूर यांवर निघाले. चौथ्या दिवशी डबा संपला. रामेन नको हे ठाऊक होतं. तिचा रस्सा बऱ्याचदा डुकराच्या हाडांचा असतो, आणि ती मुळात चीनकडून आलेली. म्हटलं, जपानची अस्सल जुनी चीज खाऊ, उडोन. जाड, गव्हाच्या शेवया. दुकानात फोनवर भाषांतर करून विचारलं, "यात मांस आहे का?" उत्तर आलं, "नाही." आम्ही निर्धास्त बसलो.

अर्धी वाटी झाल्यावर शेजारच्या टेबलावरच्या मुलाने इंग्रजीत समजावलं. रस्सा 'दाशी'चा होता. दाशी म्हणजे बहुधा वाळवलेला बोनिटो मासा आणि कोंबू नावाचं समुद्री शेवाळ उकळून काढलेलं पाणी. त्यात सोया सॉस आणि 'मिरिन'. मिरिन ही तांदळाची गोड दारू, अस्सल असेल तर सुमारे 14 टक्के अल्कोहोलची. मासा मला चालतो, मिरिन नाही. माळकऱ्याला दोन्ही नाही. तो काहीच बोलला नाही. चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि त्या रात्री जेवला नाही. गळ्यातल्या माळेवर त्याचा हात होता, एवढंच मला दिसलं.

दुकानदार खोटं बोलला का? अजिबात नाही. त्याच्या लेखी मांस म्हणजे तुकडे. रस्सा म्हणजे रस्सा. चुकला आमचा प्रश्न. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन अपुरं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाटीचे पार्ट सुटे केले. पीठ कशाचं? रस्सा कशाचा? सॉसमध्ये काय? तळणाचं तेल वेगळं का? ही यादी जपानीत करून एका छोट्या सोबाच्या दुकानात शिरलो. म्हाताऱ्या मालकांनी ती दोनदा वाचली. मग आतून सोया सॉसची बाटली आणली आणि लेबलावर बोट ठेवून दाखवलं : अल्कोहोल घातलेलं आहे. आमची तोंडं पडली. पण आजोबा हसले आणि म्हणाले, "जूवारी." आम्ही एकमेकांकडे बघितलं. ज्वारी? इथे?

जपानीत 'जूवारी' म्हणजे दहापैकी दहा भाग, शंभर टक्के. सोबा करतात बकव्हीटच्या पिठाच्या. उत्तरेत उपवासाला कुट्टूचं पीठ खातात ना, तेच हे. बऱ्याच ठिकाणी त्यात गव्हाचं पीठ मिसळतात. आजोबांच्या सोबात नव्हतं. त्यांनी उकडलेल्या शेवया गार करून बांबूच्या चाळणीवर वाढल्या, सोबत नुसतं मीठ आणि मुळ्याचा कीस. मिठाबरोबर सोबा खाण्याची तिकडे खरीच पद्धत आहे. शेवटी शेवया उकडलेलं गरम पाणी प्यायला दिलं. माळकऱ्याने वाटी पुसून खाल्ली. मीसुद्धा.

मित्रांनो, आता मुद्द्याचं. लोक म्हणतात, एवढे नखरे आहेत तर परदेशात जाता कशाला? ॲडजस्ट करा! मला हे पटत नाही. मिरिन घालू नका असं मी कुणाला म्हणत नाही. तो त्यांचा स्वयंपाक आहे. माझं मागणं एवढंच, की आत काय आहे ते सांगा. नाही जमत म्हणालात तर मी सलाम करून पुढे जाईन. खरा नकार हा खोट्या होकारापेक्षा केव्हाही बरा.

जपानमध्ये पाकिटावर अंडं, दूध, गहू, बकव्हीट, भुईमूग अशा ॲलर्जीच्या पदार्थांची नावं छापणं कायद्याने सक्तीचं आहे. पोर्कची सक्ती नाही, आणि हॉटेलातल्या वाटीला तर हा नियमच नाही. काही दुकानं 'मुस्लिम-फ्रेंडली' अशी पाटी लावतात. पण ती म्हणजे हलालचं प्रमाणपत्र नव्हे. प्रत्येकाचा अर्थ वेगळा, म्हणून पाटी असली तरी विचारावंच लागतं.

आणि आपण तरी काय मोठे शहाणे? आपल्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, ठीक. पण गॅदरिंगच्या स्टॉलवर कुणी विचारलं, "यात काय आहे?" तर आपण म्हणतो, "खा रे, काही होत नाही!" आपल्या मराठवाड्यात शेंगदाण्याचा कूट कशात नसतो? एखाद्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हेच वाक्य त्याला दवाखान्यात पोचवेल. कांदा-लसूण न खाणारा जैन मित्र, रोजा सोडायला आलेला मित्र, माळकरी, सगळ्यांचा प्रश्न एकच आहे. तो धर्माचा वाटतो, पण खरं तर माहितीचा आहे.

म्हणून एक सुचवतो. यंदाच्या गॅदरिंगला प्रत्येक स्टॉलवर एक कागद चिकटवू : पदार्थात काय काय आहे, तळण कशात आहे. खर्च? एक मार्कर आणि दहा मिनिटं. त्या आजोबांना आमचा धर्म कोणता, हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी ते विचारलंही नाही. त्यांनी फक्त बाटली आणून लेबल दाखवलं.

आपल्याला एवढं जमायला काय हरकत आहे?