एका कोयत्यात दोन माणसं

बीडमधल्या उजव्या राजकारणाचा विषय निघाला की पुरोगामी मित्रांचं उत्तर ठरलेलं असतं: शेटजी-भटजींच्या पक्षानं भोळ्या ऊसतोड कामगारांना धर्माच्या नावानं भुलवलं. मला हे साफ अमान्य आहे. याच बीडनं १९६७ साली कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर पाठवले आणि १९७७ साली मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. ज्या जिल्ह्याला लाल झेंड्याचा अर्थ कळत होता, त्याला भोळा कसं म्हणायचं?

संघटक वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी समाजांतून भाजपचं नेतृत्व उभं करायचं ठरवलं आणि नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे पुढे आले. सहकारी साखर कारखान्यांची सत्ता काँग्रेसी पुढाऱ्यांच्या हाती होती. फडात राबणाऱ्याच्या बाजूनं बोलणारा, त्याच्याच समाजातला माणूस पवार-मुंडे लवादात बसून तोडणीचे दर ठरवू लागला. भगव्यानं इथं मूळ धरलं ते यामुळे. ते श्रेय नाकारणं म्हणजे कामगाराची अक्कल नाकारणं.

आता उजव्या मित्रांचा दावा. हिंदुत्वानं जात मागे टाकली, असं ते म्हणतात. मग ओबीसींची जातनिहाय गणना व्हावी म्हणून लोकसभेत आग्रह धरणाऱ्यांत स्वतः मुंडेच का होते? न मोजलेल्या माणसाच्या ताटात काही पडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. २०२४ मध्ये मराठा-ओबीसी तणावात झालेल्या बीड लोकसभेच्या लढतीत त्यांच्या कन्या पंकजा मुंडे साडेसहा हजार मतांनी हरल्या, तेव्हा जात कुठे विरली होती? केंद्र सरकारनं जातगणनेचा निर्णय घेतला तो ३० एप्रिल २०२५ रोजी, गोपीनाथ मुंडे जाऊन जवळपास अकरा वर्षं झाल्यावर.

मग मोजायचंच आहे, तर शेवटपर्यंत मोजा. दसरा-दिवाळी सरली की इथल्या फाट्यांवर ट्रॅक्टर उभे राहतात. ट्रॉलीत बाजरीचं पीठ, पत्र्याची पेटी, शेळी, दोन-चार कोंबड्या आणि वर पोरं. मुकादमाच्या वहीत लिहिलेलं असतं: एक कोयता, उचल इतकी. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी; ती नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटे कोपीत भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते आणि वहीत तिचं नाव नसतं. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, कारण खाड्याचा दंड जोडीला बसतो. २०१९ साली जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्या वेळी राज्यात उजव्यांचंच सरकार होतं, आणि महिला व बालविकास खातं याच जिल्ह्यातल्या पंकजा मुंडेंकडे.

कुटुंबाचा गौरव हा उजव्या विचाराचा जुना अभिमान आहे. पण ज्या कुटुंबात दोघं राबतात आणि एकाचंच नाव लागतं, त्याचा गौरव मला कळत नाही. मुंडेंनी जातीची मोजणी मागितली, ती योग्यच होती. तिच्या पुढची मागणी आजच्या नेत्यांनी करावी: बाईची उचल तिच्या नावावर, मजुरी तिच्या खात्यात, आणि मुकादमाच्या वहीत एका कोयत्यासमोर दोन नावं.