रॉ कोकोचे पाकीट की मूठभर शेंगदाणे?

मोबाइलवर सध्या 'रॉ कोको' नावाच्या पावडरीच्या जाहिराती फिरत आहेत. रक्तदाब उतरतो, अंगात रक्त वाढते, थकवा जातो, मुले हुशार होतात, असे त्यांत सांगतात. पाकिटाची किंमत शेकड्यांत. ज्या घरात महिन्याचा किराणा हिशेब करून भरावा लागतो, त्या घराने पैसे टाकण्याआधी यात खरे किती आणि फुगवलेले किती, हे तपासलेच पाहिजे.

चॉकलेट ज्या बियांपासून बनते, त्याच या कोकोच्या बिया. त्या आंबवतात, वाळवतात आणि भाजतात. न भाजता, कमी उष्णतेवर दळल्या की झाला रॉ कोको. कोकोत फ्लॅव्हॅनॉल नावाची द्रव्ये असतात. ती रक्तवाहिन्या लवचीक ठेवायला मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2012 मध्ये रोजच्या 200 मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉलसाठी हे मान्य केले आहे. फार भाजल्याने ही द्रव्ये कमी होतात, हेही खरे. म्हणजे जाहिरात सगळीच खोटी नाही.

कोकोचे हे नाव झाले ते पनामा देशातल्या कुना आदिवासींमुळे. बेटांवर राहणाऱ्या कुना लोकांत म्हातारपणीही रक्तदाब फारसा वाढत नव्हता, आणि ते कोकोचे पेय भरपूर पीत. तेच लोक शहरात राहायला गेले आणि त्यांच्यात रक्तदाब दिसू लागला. जाहिरात इथेच थांबते. पण अभ्यासकांनी दोघांचे जेवण मोजले तेव्हा बेटावरचे लोक शहरातल्यांपेक्षा चौपट मासे आणि दुप्पट फळे खात होते, असे आढळले. गाव सोडून शहराच्या वस्तीत आलेल्या आपल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गाव सुटले की एक पेयच सुटत नाही, ताटही बदलते आणि जगणेही.

पुढे अमेरिकेत 21 हजारांहून अधिक वयस्कांवर मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. रोज 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉलच्या कॅप्सूल घेणाऱ्यांत हृदयरोगाने होणारे मृत्यू कमी दिसले. पण हार्ट अटॅक, लकवा वगैरे सगळे मिळून पाहिले तर ठामपणे सांगावी अशी घट दिसली नाही. या प्रयोगाला चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीचेही साहाय्य होते. आणि तपासल्या त्या कॅप्सूल, बाजारातली पावडर नव्हे. एवढ्यावर रक्तदाबाची गोळी बंद करून कोको पिणे म्हणजे जिवाशी खेळ.

सगळ्यात घातक दावा आहे तो 'रक्त वाढते' हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. म्हणून हा दावा आपल्या आयाबहिणींना लगेच पटतो. कोकोत लोह आहे. पण एका चमच्यात ते एक मिलिग्रॅमही भरत नाही. त्यातच कोकोतली तुरट द्रव्ये जेवणातले लोह अंगी लागू देत नाहीत. चहाचेही तसेच. रक्त कमी असलेल्या बाईने जेवणाबरोबर कोको पिणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे.

मॅग्नेशियमचेही असेच. चमचाभर कोकोत ते साधारण 25 मिलिग्रॅम असते, तर मूठभर शेंगदाण्यांत त्याच्या दुप्पट, आणि वर प्रथिने.

लहान मुलांची चॉकलेटी पावडर ही तर आणखी वेगळी गोष्ट. तिच्यात कोको थोडा आणि साखर फार. अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका, असे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले. तरी 'उंची वाढेल' या आशेने आई स्वतःच्या दुधाच्या वाटणीतून ते पैसे काढते. याचा मला राग येतो, आणि तो आईचा नाही, विकणाऱ्याचा.

मग करावे काय? पालेभाजी, डाळ, नाचणीची भाकरी, तीळ, अळीव ताटात येऊ द्या. जेवताना लिंबू पिळा, त्याने लोह लवकर अंगी लागते. मटण, कलेजी, सुकट आपल्याकडे खाल्ली जाते, आणि त्यातले लोह शरीर भाजीतल्या लोहापेक्षा सहज घेते. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलीने टाकून देऊ नये. उपाशीपोटी मळमळत असेल तर जेवून घ्यावी. थकवा जात नसेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन आणि रक्तदाब दोन्ही तपासा.

ज्याला परवडते आणि चव आवडते, त्याने बिनसाखरेचा कोको खुशाल प्यावा. पण आवड म्हणून, औषध म्हणून नव्हे. आणि पाकीट घ्यायचेच ठरले, तर आधी घरातल्या बाईच्या ताटात या आठवड्यात काय पडले, ते पाहून घ्यावे.