एका शिट्टीवर सगळे खेळ

अंकुशनगरच्या साखर कारखान्यात काट्यावरचा माणूस बॉयलर चालवत नाही. उतारा घसरला की पैसे बुडतात, म्हणून कामागणिक माणूस वेगळा. मग कॉलेजात कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणं एकाच क्रीडा संचालकाच्या गळ्यात का?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये 2018 पासून वरच्या गटातल्या संघांना मुख्य प्रशिक्षकाखाली 10 सहायक ठेवता येऊ लागले. मैदानावरच्या एकाच जागेचं तंत्र शिकवण्यात तिथे माणसाचं अख्खं करिअर होतं. आपल्या कबड्डीतही कोपऱ्यावरची पकड वेगळी, चढाई वेगळी.

यूजीसीचे 2018चे नियम सुरुवातीच्या पदासाठी काय मागतात? शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, नेट-सेट किंवा पीएचडी, खेळाडू म्हणून सहभाग आणि 12 मिनिटांची धाव: तिशीपर्यंतच्या पुरुषाला 1800 मीटर. पतियाळाच्या एनआयएसचा प्रशिक्षण डिप्लोमा एकटा इथे चालत नाही. खेळलात का, पळता का, हे विचारलं. एक खेळ मुळापासून शिकवता का, हे राहिलं.

तालुक्यातल्या चार कॉलेजांनी मिळून खेळागणिक एक पगारी प्रशिक्षक नेमावा. स्पर्धेपुरता मानधनावर बोलावलेला माणूस करिअर करत नाही, रोजंदारी करतो. आणि त्याच्या रोजंदारीची किंमत खेळणारी पोरं मोजतात.