टायर दोन की चार?

मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादक मागे लागले, तेव्हा रूममेट म्हणाली, "पाऊस नाहीतर आई, यांच्यावर लिही. सगळे तेच लिहितात." मी म्हटलं, मी टायरवर लिहिणार. ती पोट धरून हसली. हसू दे. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची. टायरची माझी.

माझं गाव अड्याळ, भंडारा-पवनी रस्त्यावरचं. (अड्याळ टेकडी नव्हे! ती चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रम्हपुरी तालुक्यात. हे फर्स्ट इयरपासून सांगून दमले.) आमच्याकडे धानाची शेती, बांध्या लहान लहान. मोठा ट्रॅक्टर बांधीत शिरला की वळतानाच अर्धी बांधी संपते, म्हणून अठरा एचपीचा छोटा फोर व्हील ड्राईव्ह. आमचा 2011 सालचा आहे. समोर 5.00-12 चे टायर, मागे 8.00-18 चे. बाबा आमची चिखलणी करून झाली की दुसऱ्यांचीही भाड्याने करतात. माझी हॉस्टेलची फी बरीचशी त्याच भाड्यातून येते, त्यामुळे या विषयावर मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

दोन वर्षांपूर्वी मागचे टायर गुळगुळीत झाले. दुकानदार म्हणाला, मागचेच दोन टाका, समोरचे अजून एक सीझन काढते. बाबांना ते पटलं. कोणाला नाही पटणार? निम्मा खर्च! मीही तिथेच उभी होते आणि मान हलवली. गेल्या जुलैत, ऐन रोवणीच्या दिवसात, समोरच्या अ‍ॅक्सलमधला गिअर तुटला. पार्ट यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात आमचे पऱ्हे वाढून बसले, आणि ज्यांचं भाडं घेतलं होतं ते दुसऱ्याकडे गेले. त्यांचं काही चुकलं नाही, पाऊस कोणासाठी थांबत नाही. दुरुस्तीचं बिल समोरच्या टायरजोडीपेक्षा मोठं आलं.

मेकॅनिक म्हणाला, माल जुना झाला. असेलही. पण मला शंका आली ती थिअरी ऑफ मशीन्सच्या तासाला, गिअर ट्रेन शिकताना. या छोट्या ट्रॅक्टरला समोरच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. फोर व्हीलचा लिव्हर टाकला की दोन्ही अ‍ॅक्सल एका ठरलेल्या रेशोने बांधले जातात. कंपनी हा रेशो असा ठेवते की समोरची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त धावतील, साधारण एक ते पाच टक्के. याला लीड म्हणतात. वळताना समोरच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, शिवाय त्यांनी ट्रॅक्टर ओढायचा असतो, स्वतः ओढले जायचं नसतं. आता मागे नवे, उंच टायर आणि समोर झिजलेले, बुटके टायर लावा. लीड संपतं, उलटं होतं. समोरची चाकं मागच्यांना ब्रेक लावत राहतात. चिखलात चाक घसरून ताण निघून जातो. डांबरावर निघत नाही, तो गिअरमध्ये साठतो.

दिवाळीच्या सुट्टीत मोजून पाहिलं. मॅन्युअल केव्हाच हरवलेलं. म्हणून भावाला आणि दोन जॅक घेऊन चारही चाकं उचलली, खाली लाकडी ठोकळे दिले. मेन गिअर न्यूट्रल, फोर व्हील ऑन, मागचा डिफ लॉक दाबून धरला आणि मागचं चाक हाताने दहा फेरे फिरवलं. समोरचं डावं चाक जास्त फिरलं, उजवं कमी, ते चालतं, दोघांची सरासरी घ्यायची. ती आली 15.6. म्हणजे रेशो 1.56. मग ट्रॅक्टर खाली उतरवून टायरवर खडूची खूण केली आणि ग्रामपंचायतीच्या सिमेंट रस्त्यावर दोर लावून एका फेऱ्याचं अंतर मोजलं. मागचं 2.78 मीटर, समोरचं 1.76. बघायला अर्धी आळी जमली होती. एका मोठ्या बाबांनी विचारलं, "काऊन गा बेटा, रस्ता रुंद करून राह्यले का?"

1.56 गुणिले 1.76 बरोबर 2.75. मागच्यापेक्षा कमी. लीड उणे सव्वा टक्का! म्हणजे वर्षभर आमचा ट्रॅक्टर स्वतःशीच भांडत होता. गिअर त्यामुळेच तुटला असं मी कोर्टात सिद्ध नाही करू शकत, पण मला दुसरं कारण दिसत नाही. हिशेब साधा आहे. लग एक सेंटिमीटर झिजला की परीघ सव्वासहा सेंटिमीटरने कमी होतो, आणि छोट्या चाकाला तेवढं पुष्कळ.

म्हणून माझं मत: फोर व्हीलला टायर घ्यायचे तर चार घ्या. पैसे नसतील तर दोन घ्या, पण मोजून. आणि साइजच्या आकड्यावर विसंबू नका. शेजारच्या दोन ट्रॅक्टरवर 5.00-12 चेच नवे टायर होते, वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकाचा फेरा 1.84 मीटर, दुसऱ्याचा 1.90. पहिल्याने आमचं लीड सव्वातीन टक्के होतं, दुसऱ्याने साडेसहाच्या वर. आम्ही पहिला घेतला. तो महाग होता, बाबा दोन दिवस गप्प होते.

दुसरा वाद नक्षीचा. आमच्याकडे सगळ्यांना चिखलाचा खोल लगचा टायर पाहिजे, ज्यावर आर-2 लिहिलेलं असतं. त्याचा लग साध्या आर-1 च्या जवळपास दुप्पट खोल. दिसायला जबरदस्त! पण चिखलणीला आपण मागे लोखंडी केजव्हील लावतोच. (गंमत म्हणजे 1932 मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिस-चाल्मर्सने मॉडेल यू हवेच्या टायरवर विकायला काढला, तोवर ट्रॅक्टरची चाकं लोखंडीच असत. बांधीत आपण अजून तिथेच आहोत.) चिखलणी महिनाभराची, उन्हाळी धान असेल तर आणखी थोडी. बाकी वर्षभर ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन डांबरावर धावतो, आणि उंच लग डांबरावर वाकून वाकून झिजतो. ज्याची सगळी जमीन खोल कन्हार आहे आणि जो रस्त्यावर जातच नाही, त्याने आर-2 जरूर घ्यावा. आमच्यासारख्या मोरांड-सिहारवाल्याला आर-1 पुरे.

टायर जड पीआरचा घेतला की पकड वाढते, हाही गैरसमज. पीआर म्हणजे ओझं सोसायची ताकद, पकड नव्हे. पकड पाहिजे तर मागच्या ट्यूबमध्ये पाऊण भाग पाणी भरा आणि शेतात हवा बेताची ठेवा. घेताना टायरच्या अंगावरचा चार अंकी आकडा बघा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दुकानात चार वर्षं वाळलेलं रबर नव्या भावात घेऊ नका. बसवल्यावर मागे उभं राहून बघा, लगचं टोक वर पाहिजे. उलटे बसवलेले टायर मी आमच्याच गावात दोन ट्रॅक्टरवर पाहिले आहेत.

आता लिव्हर फक्त बांधीत. रस्त्यावर आलं की बाबा आधी फोर व्हील काढतात, मग ट्रॉली जोडतात. मागचे टायर आता पुढे झिजतील तसं लीड वाढत जाईल, म्हणून दर दिवाळीला मोजायचं ठरलं आहे.

मला आणखी आकडे पाहिजेत. ज्यांच्या घरी असा छोटा फोर व्हील आहे त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत चारही चाकांचा एका फेऱ्याचा आकडा, टायरची कंपनी आणि वर्ष लिहून आणावं. खडू आणि दोर पुरतो. वर्कशॉपच्या सरांनी तक्ता लावायला नोटीस बोर्डाचा कोपरा द्यायचं कबूल केलं आहे.